बाईंचं नाक

आमच्या बाई प्लेटचं झाकण किंचित उचलून वास घेत आणि जिवाणूचं नाव सांगत. सगळ्या चाचण्या करून दुसऱ्या दिवशी आम्ही जो निकाल लिहायचो, तो बहुधा त्यांच्या नाकाने आदल्या दिवशीच दिलेला असायचा. त्या नाकाचं मला फार कौतुक होतं. त्याच नाकाने त्यांना आजारी पाडलं, आणि त्या आजारपणात निम्मा वाटा माझा होता. हे मी चारचौघांत कधी सांगितलेलं नाही. बाईंना मात्र सांगून झालं आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

सोलापुरातल्या एका खासगी लॅबमध्ये मी जिवाणू वाढवण्याचं काम करतो. लोक रक्त, लघवी, थुंकी, जखमेतला पू देऊन जातात. त्यातला थेंबभर आम्ही तारेच्या कडीने प्लेटमधल्या पोषक थरावर ओढतो, अंगाइतक्या उबेत ठेवून देतो आणि सकाळी काय उगवलं ते बघतो. माझं गाव सांगोला तालुक्यात. घरी कोरडवाहू तुकडा आणि मेंढरं. बीएस्सी आणि त्यावर लॅबचा डिप्लोमा करून मी इथे लागलो तेव्हा बाईंची या खोलीत पंचवीसेक वर्षं झाली होती. त्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातल्या. लग्न केलं नाही, भाऊ-भावजयीजवळ राहायच्या. बोलायला फटकळ, पण शिकवायला बसल्या की समोरचा मठ्ठ आहे हे विसरून जायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे लालभडक प्लेट ठेवली आणि विचारलं, "हे लाल काय असेल?"

मी म्हटलं, "रंग असेल."

"मेंढीचं रक्त. तुझ्या घरचंच समज." घरी मेंढरं आहेत असं मी अर्जात लिहिलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. कित्येक जिवाणूंना रक्त घातलेला थर लागतो आणि त्याला मेंढीचं रक्त उत्तम, हे मला त्या दिवशी कळलं. तेच रक्त तापवून घातलं की प्लेट तपकिरी होते आणि तिला चॉकलेट प्लेट म्हणतात. मेंढरांमागे फिरायला नको म्हणून मी शिकलो होतो, आणि मेंढरंच माझ्यामागे सोलापूरला आली होती.

बाईंचं शिकवणं पुस्तकाच्या क्रमाने नसे. जिवाणू म्हणजे एका खोलीचा संसार, त्या म्हणायच्या. आपल्या पेशीत केंद्रकाला वेगळी खोली असते, यांच्याकडे ती चैन नाही. चूल, देवघर, अंथरूण सगळं एकाच खोलीत, आणि जनुकांचा गुंडाळा मधोमध तसाच पडलेला. लग्न नाही, कार्य नाही, पोटभर मिळालं की एकाचे दोन. काहींना त्यासाठी वीस मिनिटं पुरतात आणि क्षयाच्या जिवाणूला जवळजवळ अख्खा दिवस लागतो, म्हणून तो प्लेटवर दिसायला कित्येक आठवडे घेतो. "सगळे काही आपल्या मुळावर उठलेले नसतात," हेही त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. "तुझ्या डब्यातल्या दह्यात आहेत, पोटात आहेत, कातडीवर आहेत. ते नसते तर तू नसतास. आपल्याकडे त्यांच्यातले गुंड तेवढे येतात, म्हणून आपल्याला त्यांची जमातच वाईट वाटते."

मग ओळख पटवण्याचा भाग. बाहेर कुणी कुणाची जात विचारली की बाई त्याला झाडायच्या. खोलीत मात्र म्हणायच्या, "माणसाची जात विचारायची नाही, आणि जिवाणूची विचारल्याशिवाय सोडायचं नाही." पहिला प्रश्न रंगाचा. काचपट्टीवर जिवाणू पसरायचे, जांभळा रंग घालायचा, आयोडीन घालायचं, मग स्पिरिटने धुवायचं. ज्यांची भिंत जाड, ते जांभळा रंग धरून ठेवतात. ज्यांची भिंत पातळ आणि वरून तेलकट पापुद्रा, त्यांचा रंग धुऊन जातो आणि मागून घातलेला गुलाबी त्यांना चढतो. एका फटक्यात अख्ख्या जगाचे दोन भाग. पुढचा प्रश्न आकाराचा: गोल, दांडी, स्वल्पविराम की मळसूत्र. त्यापुढे हवा लागते की हवेनं मरतो, कोणती साखर खातो, पेरॉक्साइडच्या थेंबात बुडबुडे काढतो का. असं एकेक दार बंद करत गेलं की शेवटी एक दार उरतं आणि त्यावर नाव असतं. नाव दुहेरी, शाळेच्या हजेरीसारखं आडनाव आधी.

वास हा मात्र बाईंचा खासगी प्रश्न होता. हिरवट रंग सोडणारा सूडोमोनास म्हणजे पिकलेली द्राक्षं. प्लेटभर लाटा लाटा पसरणारा प्रोटियस म्हणजे नासलेली मासळी. एकदा त्यांनी मला एक खडूसारखी पांढरी वाढ हुंगायला लावली आणि मी चटकन म्हणालो, "नांगरट." त्या खूश झाल्या. मातीला वास येतो तो मातीचा नसून मातीतल्या याच जिवाणूंचा असतो, हे ऐकून मी दिवसभर तोच विचार करत होतो. बारा वर्षं शेतात राबून मला जे कळलं नव्हतं ते एका प्लेटवर कळलं. त्या दिवसापासून मीही प्लेटा हुंगू लागलो.

मग लॅबमध्ये नवीन डॉक्टर आले. बाईंपेक्षा वीसेक वर्षांनी लहान, हुशार आणि भला माणूस. आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी केल्या. प्लेट हुंगायची नाही, संशयास्पद प्लेट हवा गाळून घेणाऱ्या काचेच्या कॅबिनेटमध्येच उघडायची, असा नियम भिंतीवर लावला. आणि नमुन्यासोबतच्या फॉर्मवर एक ओळ वाढवली: 'जनावरांशी संबंध'. आता ओळख वासावर आणि रंगावर राहिलेली नाही, जनुकं वाचून घराणी ठरतात, जुनी नावंसुद्धा बदलली आहेत, असं ते बाईंना समजावत. बाई ऐकून घेत आणि ते गेल्यावर म्हणत, "नाकाने कांदे सोलतात नुसते." एकदा डॉक्टरांनी त्यांना हुंगताना पाहिलं. ओरडले नाहीत. खोलीत बोलावून म्हणाले, "बाई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण पुन्हा दिसलं तर मला लेखी ताकीद द्यावी लागेल." बाईंच्या निवृत्तीला तेव्हा सात-आठ महिने उरले होते. त्यांना ते फार लागलं. मी डब्यातली शेंगाचटणी पुढे केली तर म्हणाल्या, आज नको.

निवृत्तीनंतरचं त्यांचं ठरलेलं होतं. घराच्या मागच्या खोलीत त्यांच्या वडिलांचा हातमाग होता, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. लहानपणी त्या वडिलांजवळ बसून शिकल्या होत्या. नोकरीत माग सुटला. आता तो दुरुस्त करून घेतला होता, सूत आणून ठेवलं होतं. "आधी भावजयीसाठी एक नऊवारी," त्या म्हणायच्या, "मग तुझ्या आईसाठी." रोजचे पाच-सहा तास मागावर बसायचं, कुणाला वेळ द्यायचा नाही, असं त्या इतक्यांदा सांगत की मलाही तो माग पाहिल्यासारखा वाटे.

हुरड्याचे दिवस होते. एक मेंढपाळ आणि त्याची बायको लॅबमध्ये आली. पन्नाशीचा माणूस, अंगात काही उरलं नव्हतं. महिनाभर ताप येत होता. दोन ठिकाणी टायफॉइडची औषधं घेऊन झाली होती. रक्त घेताना बायको माझ्याशी बोलू लागली. माझ्या बोलण्यावरून तिने ओळखलं.

"तुमी कुटलं?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांचं गाव आमच्यापासून दोन कोसांवर. मग काय, ओळखी निघाल्या. पाऊस, चारा, टँकर. बोलता बोलता ती म्हणाली, "औंदा लई वंगाळ झालं बगा. दहा-बारा मेंढरांनी गाभ टाकला. मालकानीच समदं हातानं वडून काडलं. त्याच्यामागनंच ह्यो ताप धरलाय. सांजच्याला चडतुया, सकाळी घामानं अंथरूण वलं."

मी "व्हय की" म्हणत फॉर्म भरत होतो. 'जनावरांशी संबंध' ही ओळ मी रिकामी सोडली.

याचं कारण आळस असतं तर मला इतकं टोचलं नसतं. मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही. आमच्याकडे मेंढरू गाभ टाकतं, घरातलं माणूस बाह्या सारून हात घालतं, मग राखेनं हात धुऊन भाकरी खायला बसतं. माझे वडील हेच करत, मीही केलं आहे. आमच्या भागातल्या माणसाच्या फॉर्मवर जनावरांशी संबंध आहे असं लिहिणं म्हणजे हा माणूस श्वास घेतो असं लिहिण्यासारखं होतं. डॉक्टरांनी ती ओळ शहरातल्या माणसांसाठी घातली असावी अशी माझी समजूत होती. परक्याला जे विचित्र दिसलं असतं, ते मला घरचं असल्यामुळे दिसलं नाही.

रक्ताची बाटली उबेत ठेवली. रोज सकाळी उजेडात धरून बघायची, गढूळ झाली का. पाच दिवस काही नाही. एरवी अशी बाटली टाकून देतात. बाई टाकत नसत. "मंद असेल, ढ नसेल," म्हणून त्या आणखी आठवडाभर ठेवत. सातव्या दिवशी बाटलीत किंचित धुरकटपणा आला. बाईंनी त्यातला थेंब चॉकलेट प्लेटवर ओढला. पहिल्या दिवशी प्लेट कोरी. दुसऱ्या दिवशी खसखशीपेक्षा बारीक, ओलसर ठिपके.

मी काचपट्टी रंगवली आणि बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिली. फिकट गुलाबी, इतके बारीक की गोल म्हणावे की दांडी हे ठरेना. बारीक रेती विस्कटावी तसे.

"जनावर वगैरे काही लिहिलंय का?" त्यांनी विचारलं.

मी फॉर्म पाहिला. माझ्याच अक्षरातला. "नाही, ओळ रिकामी आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. मेंढरांची गोष्ट तेव्हा माझ्या मनात आली का? आली असावी. पण फॉर्म मी भरला होता आणि चूक कबूल करण्याइतकी ती मोठी वाटली नाही.

"मग हा हिमोफिलसच्या घरचा असेल," बाई म्हणाल्या. "त्याला उंदराचा वास येतो." त्यांनी दाराकडे पाहिलं. डॉक्टर नव्हते. त्यांनी झाकण उचललं आणि प्लेट नाकाजवळ नेली. एकदा नेली, मग पुन्हा नेली, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "वासच नाही रे याला."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला सर्दी होती म्हणून मी हुंगलं नाही. माझं नशीब एवढंच.

वास नाही म्हटल्यावर बाईंनी ती वाढ डॉक्टरांकडे दिली आणि डॉक्टरांनी ती पुण्याच्या मोठ्या लॅबकडे पाठवली. आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं. ब्रुसेला. मेंढ्या-शेळ्यांमधून माणसात येणारा, गाभ टाकायला लावणारा. कच्च्या दुधातून येतो, विताना हात घालणाऱ्याच्या हातावरच्या चिरांमधून शिरतो. आणि लॅबमध्ये प्लेट उघडली तर श्वासातून. फार थोडे पुरतात. लॅबमध्ये काम करणाऱ्यांना धरणाऱ्या जिवाणूंमध्ये याचं नाव फार वर आहे.

मेंढपाळाचं औषध सुरू करताना डॉक्टरांना त्याचा धंदा कळला. त्याचं भलं झालं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ही प्लेट कॅबिनेटच्या बाहेर कुणी उघडली होती का? खरं सांगा. उघडली असेल तर आजपासून तीन आठवडे गोळ्या घ्यायच्या, बाकी काही नाही."

बाई म्हणाल्या, "नाही. आतच उघडली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

"आणि मेंढपाळ होता हे फॉर्मवर कसं नाही?"

"त्यांनी सांगितलं नाही," मी म्हणालो.

हे मात्र सरळ खोटं होतं. बाईंनी हुंगलं हे मी सांगितलं असतं तर त्यांनी का हुंगलं हे निघालं असतं, आणि मग त्या रिकाम्या ओळीपाशी सगळे येऊन थांबले असते. एक बोट दुसऱ्याकडे दाखवलं की तीन आपल्याकडे वळतात म्हणतात, मला ती तीन स्पष्ट दिसत होती. मनाला मी वेगळं समजावलं. बाईंच्या निवृत्तीला आता जेमतेम चार महिने उरलेत, जाता जाता त्यांची अब्रू कशाला घालवायची, मोठ्या माणसाचा मान राखावा. हे समजावणं मला लगेच पटलं.

खोलीत आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "साप साप म्हणून भुई धोपटायची सवय आहे यांना." मी हसलो.

त्या रविवारी गावी गेलो तेव्हा आईला म्हटलं, शेळीचं दूध उकळून घेत जा. ती म्हणाली, "शिकून लई शाना झालायस. आमी जनमभर असंच पितोय की, कुटं काय झालं?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं तर बाईंचं नाव काढावं लागलं असतं. मी गप्प बसलो. गप्प बसण्याची मला आता सवय होत चालली होती.

संक्रांतीच्या जत्रेचा गड्डा भरला त्या आठवड्यात बाई दुपारनंतर शाल घेऊन बसू लागल्या. थंडी आहे, म्हणाल्या. सोलापूरची थंडी ती कितीशी असणार. मग कंबर दुखते म्हणून दोन दिवस सुट्टी, मग आणखी आठ दिवस. त्यांच्या घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि टायफॉइड सांगितला. आमच्या लॅबमध्ये निरोप आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाहेरचं पाणी प्यायल्या असतील. आठवड्याने तर नळ येतात." मी मान डोलावली. चोराच्या मनात चांदणं. ताप संध्याकाळी चढतो का, हे मी निरोप आणणाऱ्याला विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. टायफॉइड असूही शकतो, असं मी दोन आठवडे स्वतःला सांगत राहिलो. रोज सकाळी बाटल्या उजेडात धरून बघायचो आणि प्रत्येक स्वच्छ बाटलीत मला बाईच दिसायच्या.

शेवटी एका दुपारी रक्त घ्यायची बाटली, सुई आणि हातमोजे पिशवीत घालून मी पूर्व भागात गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. धाडस म्हणण्यासारखंही त्यात काही नव्हतं, आणखी गप्प बसणं जमेना एवढंच. गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग खडखडत होते. भावजयीने दार उघडलं, आत तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि मला मागच्या खोलीत नेलं. हवा येते म्हणून बाईंची खाट तिथेच टाकली होती, मागाला लागून. मागावर सूत चढवलेलं होतं आणि वर जुनी चादर अंथरलेली होती. बाई निम्म्या झाल्या होत्या. उठून बसताना त्यांनी दोन्ही हातांनी कंबर धरली आणि डोळे मिटले.

"टायफॉइड आहे," त्या म्हणाल्या.

"नाही बाई," मी म्हणालो.

इतकी वर्षं जिवाणू ओळखणाऱ्या बाईला आपला ताप कुणाच्या घरचा हे कळलं नसेल, असं मला क्षणभरही वाटलं नाही. कबूल केलं तर हुंगल्याचं कबूल करावं लागत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण हा वळसा आम्ही दोघं जाणूनबुजून घालत होतो.

मी सगळं सांगितलं. मेंढपाळाची बायको काय म्हणाली, मी ओळ का रिकामी सोडली, डॉक्टरांशी काय खोटं बोललो. सांगताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो, मागावरच्या चादरीकडे पाहत होतो.

बाईंनी विचारलं, "मी हुंगलं हे तू सांगितलं नाहीस. माझी अब्रू जाईल म्हणून?"

हो म्हणणं फार सोपं होतं. त्यांनी विश्वास ठेवला असता, मीही ठेवला असता.

"नाही," मी म्हणालो, "माझी."

बाईंनी बाही वर केली आणि हात पुढे केला. शीर सापडेना. त्यांनीच माझं बोट धरून शिरेवर ठेवलं. "इथं," त्या म्हणाल्या, "आणि आता घाई करू नको."

तिथून मी थेट डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाटली कॅबिनेटमध्येच हाताळ. तुझं काय करायचं ते मी नंतर बघेन," एवढंच म्हणाले. नंतर त्यांनी मला लेखी दिलं, ते योग्यच होतं. मीही माझं रक्त तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही. बाईंची बाटली मात्र पाचव्या दिवशी धुरकट झाली. काचपट्टीवर तीच फिकट गुलाबी रेती.

औषधं सुरू झाली आणि आठवडाभरात ताप उतरला. पण एवढ्या काळात जिवाणू मणक्यात जाऊन बसला होता. सहा आठवड्यांचं औषध तीन महिने चाललं. बाईंची निवृत्तीची तारीख त्यातच येऊन गेली आणि शाल-नारळ आम्ही घरी नेऊन दिला. त्या बऱ्या झाल्या, चालू-फिरू लागल्या, पुन्हा फटकळ बोलू लागल्या. कंबर मात्र वाकेना. खुर्चीत बसता येतं, खड्ड्यात पाय सोडून पुढे झुकता येत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आहे हे असंच राहील.

मी महिन्यातून एकदा जातो. लॅबमध्ये काय उगवलं ते सांगतो, त्या खोड्या काढतात. गेल्या खेपेला मागच्या खोलीत गेलो तर माग उकलून ठेवलेला होता, लाकडं भिंतीला टेकवलेली. खड्ड्यावर फळ्या टाकून भावजयीने धान्याचे डबे मांडले होते. मला बोलल्यावाचून राहवलं नाही. "बाई, त्या दिवशी डॉक्टरांसमोरच मी बोललो असतो तर?"

त्या "जाऊ दे आता" म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्याच्यासाठीच मी विचारलं असावं.

"बोलला असतास तर मी आज मागावर बसले असते," बाई म्हणाल्या. "मी खरं बोलले असते तरी बसले असते." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "चहा घेणार ना?"

मी हो म्हणालो.